वाय-फायच्या दाराला कडी

मंडळी, कवीचा आणि राउटरचा काय संबंध, असं तुमच्या मनात येणं साहजिक आहे. माझा अधिकार एवढाच, की मी बी. ए. आहे आणि यंत्राबरोबर येणारी इंग्रजी पुस्तिका शेवटपर्यंत वाचतो. त्यामुळे मोहल्ल्यात कुणी नवा राउटर आणला की मला बोलावणं येतं.

राउटरचं काम सोपं आहे. तारेनं किंवा फायबरनं घरात आलेलं इंटरनेट तो रेडिओलहरींवरून घरातल्या फोनांना आणि संगणकांना वाटून देतो. आकाशवाणीवरून माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या लहरींच्याच कुळातल्या या लहरी. फक्त पल्ला छोटा.

विकत घेण्याआधी इंटरनेट कंपनीनं बसवलेला डबा नीट पाहा. बऱ्याचदा त्यातच वाय-फाय असतं आणि दोन खोल्यांच्या घराला तेवढं पुरतं. वेगळा घ्यायचाच झाला तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा घ्या. पहिला पट्टा भिंती ओलांडून दूरवर जातो, पण त्यावर गर्दी फार. दुसरा वेगवान, पण भिंत आली की लवकर थकतो. तुमची योजना १०० मेगाबिटपेक्षा जास्त वेगाची असेल, तर राउटरच्या तारेच्या जोडण्या गिगाबिटच्या आहेत ना, हे दुकानातच विचारा. नाहीतर दोनशेचे पैसे भरून शंभराचाच वेग मिळेल.

मग जागा. राउटर दिसायला बरा नाही म्हणून लोक तो लोखंडी कपाटामागे दडवतात. लोखंड आणि पाणी या लहरी अडवतात. माशांची काचेची पेटीसुद्धा आड येते. घराच्या मध्यावर, उंच फळीवर, मोकळ्या हवेत तो ठेवा. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते, म्हणून स्वयंपाकघरापासून जरा लांब बरा.

आता जोडणी. फोनमध्ये कंपनीचं ॲप घालून किंवा राउटरच्या बुडाशी छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून त्याच्या आतल्या पानावर जाता येतं. तिथे चार कामं करायची. आत शिरण्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-३ आणि ते नसेल तर डब्ल्यूपीए-२ निवडायचं. वाय-फायला नवा, लांब पासवर्ड द्यायचा. आणि राउटरच्या आतली प्रणाली अद्ययावत करायची. पासवर्डसाठी एकमेकांशी नातं नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. प्रसिद्ध कवितेची ओळ नको, मुलाचं नाव नको, गाडीचा नंबर तर नकोच.

पासवर्डपाशी आलं की आमच्याकडची माणसं हमखास अडखळतात. 'शेजाऱ्यापासून काय लपवायचं?' असं म्हणतात. हा प्रश्न मला आवडतो. दारात आलेल्याला पाणी नाकारू नये, हे आपल्यावरचे संस्कार. पण पाणी आणि इंटरनेट यांत एक फरक आहे. आपल्या माठातलं पाणी पिऊन माणूस पुढे गेला की आपला संबंध संपतो. आपल्या वाय-फायवरून कुणी काही पाठवलं, तर त्यावर पत्ता आपल्या घराचा पडतो.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तमाध्यमांना एक ई-मेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरापर्यंत निघाला. तिथला रहिवासी होता एक अमेरिकन नागरिक. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि त्याचा वापर दुसऱ्याच कुणीतरी केला होता. ते स्पष्ट होईपर्यंत चौकशीला मात्र त्याला सामोरं जावं लागलं. अशा चौकशीत 'तो मी नव्हेच' हे पटवून द्यायला किती दिवस लागतात, याचा अंदाज माझ्यासारख्या नावाच्या माणसाला जरा लवकर येतो. पण पत्ता कुणाचाही असू शकतो.

म्हणून देऊ नये का? जरूर द्यावं. परीक्षेचा अर्ज भरायला आलेल्या शेजारच्या मुलीला परत पाठवू नये. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं जाळं काढायची सोय असते. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा. त्यामुळे पाहुण्याला इंटरनेट मिळतं, पण तुमच्या घरातले संगणक आणि त्यांवरची कागदपत्रं त्याच्या हाती लागत नाहीत. सणावाराला घर भरून गेलं की पासवर्ड सांगा, मंडळी परतली की बदला. मात्र एक ध्यानात असू द्या: जाळं वेगळं असलं तरी बाहेर उमटणारा पत्ता तुमचाच राहतो. तेव्हा ज्याला ओळखता, त्यालाच द्या.

कडी लावलेल्या दारातूनही माणसांचं स्वागत करता येतं. फक्त कोण आलं, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.