मामा तलाव : सिंचनाच्या नोंदीबाहेरचे पाणी

भंडारा हा तलावांचा जिल्हा ही ओळख जुनी असली, तरी सरकारी दप्तरात त्या तलावांची किंमत बहुधा त्यांच्यावर किती हेक्टर धान भिजते एवढ्यावरच ठरत आली आहे. कोहळी समाजातील जाणकारांनी जमिनीचा उतार हेरून बांधलेले, पुढे मालगुजारांच्या, म्हणजे साऱ्याची हमी घेणाऱ्या गावमालकांच्या, ताब्यात राहिलेले हे तलाव १९५०च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी', लोकांच्या तोंडी 'मामा' तलाव, ठरले. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. पाळी खचल्या, गाळ साचला, देखभालीला कोणी वाली उरला नाही, हा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या पाण्यात काय जगत होते, याची नोंद मात्र कोणत्याच खात्याने नीट ठेवली नाही.

हे काम हाती घेतले ते भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने. मनीष राजनकर यांच्याशी जोडलेली ही संस्था ज्या अर्जुनी मोरगावात काम करते, ते गाव १९९९च्या विभाजनानंतर गोंदिया जिल्ह्यात गेले, तरी संस्थेच्या नावात भंडारा राहिला. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला तलावातील मासे आणि वनस्पती यांचे जे ज्ञान होते, त्याला शास्त्रीय सर्वेक्षणाची जोड देणे ही तिची पद्धत; आणि त्यातून जे पुढे आले, ते प्रचलित मत्स्यधोरणाला अडचणीचे होते. बाहेरून मत्स्यबीज आणून तलावात सोडायचे आणि उत्पादन वाढवायचे, हा त्या धोरणाचा गाभा होता. परंतु अशा बाहेरच्या माशांपैकी गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो, सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो, आणि स्थानिक माशांपैकी अनेकांना अंडी घालायला व पिलांना लपायला नेमका त्याच वनस्पतींचा आडोसा लागतो. काठावर बेशरम हे आक्रमक झुडूप माजले की उरलीसुरली उथळ जागाही जाते. म्हणून मंडळाने आणि ढिवरांच्या सहकारी संस्थांनी आधी बेशरम उपटले, मग हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या वनस्पती लावून तलावात पुन्हा अधिवास, म्हणजे जीवांना जगण्याजोगी जागा, तयार केली. बीज सोडण्याआधी माशाचे घर सावरा, हा या कामाचा धोरणकर्त्यांना दिलेला सल्ला होय.

पक्ष्यांच्या बाबतीत 'सेवा' या संस्थेने हाच मार्ग धरला: दर उन्हाळ्यात सारसांची गणना करायची आणि धानाच्या बांधीत व तलावकाठी घरटी सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना बरोबर घ्यायचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा न्यायालयासमोर ठेवण्याजोगी आकडेवारी अशा सातत्याच्या मोजणीमुळेच उपलब्ध होती.

खरा पेच कायद्याच्या मजकुरात आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)मध्ये जमीनदारीसारख्या जुन्या व्यवस्थांतील निस्तार हक्क, म्हणजे गावकऱ्यांचे पाणी, चराई, जळण यांवरील वहिवाटीचे हक्क, आणि पाणवठ्यातील मासे व इतर उत्पादनांवरील सामुदायिक हक्क मान्य झाले. पण हा कायदा वनजमिनीपुरता असल्याने शिवारातील तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय २०१७च्या पाणथळ नियमांनी खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले, त्यामुळे मामा तलाव माणसाने धानासाठी बांधला एवढ्याच कारणावरून, त्यात देवधान, म्हणजे रानटी भात, उगवत असो की सारस घरटे करत असो, संरक्षणास अपात्र ठरू शकतो. शेकडो वर्षांच्या वापराने निर्माण झालेल्या अधिवासाला 'कृत्रिम' म्हणून बाजूला सारणारी ही व्याख्या शास्त्राला धरून नाही.

या पोकळीत गाळ काढण्याच्या योजना येतात तेव्हा धोका वाढतो, कारण यंत्राने सरसकट खोदताना वनस्पतींची मुळे, कंद आणि बी असलेला उथळ काठही उचलला जातो. २००२च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक समित्यांकडे सोपवलेली लोक जैवविविधता नोंदवही इथे उपयोगी पडू शकते: संस्थांनी ढिवरांसह जमवलेली माहिती तीत यावी, आणि ती वाचल्याशिवाय कोणत्याही तलावाच्या गाळकामाला वा मत्स्यबीजाच्या मागणीला मंजुरी मिळू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. पाटबंधारे, मत्स्य आणि महसूल या तीन खात्यांनी एकच नोंदवही उघडावी, एवढे पुरे आहे.