अर्ध्यावर अडलेले अपग्रेड : संगणक पुसून टाकण्याची घाई नको

अपग्रेड सुरू होऊन तासभर झालेला असतो. पडद्यावरची प्रगती दाखवणारी पट्टी दोन-तृतीयांशावर येऊन थबकते आणि पुढे हलतच नाही. पंधरा मिनिटे जातात, अर्धा तास जातो. संगणक 'हँग' झाला अशी खात्री पटून वापरकर्ता पॉवरचे बटण दाबून धरतो. पुन्हा सुरू केल्यावर मात्र समोर येतो तो काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. वास्तविक त्या अर्ध्या तासात संगणक हँग झालेलाच नव्हता. खिडकीच्या तळाशी मिटलेल्या टर्मिनलमध्ये त्याने एक साधा प्रश्न विचारला होता आणि तो उत्तराची वाट पाहत थांबला होता.

उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीच्या 'आहे त्याच जागी' होणाऱ्या अपग्रेडमध्ये बिघाडाची सुरुवात अनेकदा अशा गैरसमजातून होते. राहत्या घरातून बाहेर न पडता वाड्याचे वासे बदलावेत, तसाच हा प्रकार आहे. ज्या प्रणालीवर अपग्रेडचा कार्यक्रम चालतो, तीच प्रणाली तो पायाखालून बदलत असतो. काम अर्धवट राहिले, तर जुने घर उतरवलेले आणि नवे उभे न राहिलेले, अशी स्थिती होते. तरीही अशा संगणकातील छायाचित्रे, हिशेब आणि पत्रव्यवहार बहुधा जागच्या जागी सुरक्षित असतात. ते जातात, ते घाबरून केलेल्या 'फॉरमॅट'मुळे.

उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. २०११ पर्यंत कॅनॉनिकल ही कंपनी मागेल त्याला टपालाने फुकट सीडी धाडत असे; अनेक मराठी घरांतही त्या पोहोचल्या होत्या. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. २०.०४ या आवृत्तीची ही मुदत ३१ मे २०२५ रोजी संपली. तेव्हापासून तिच्या वापरकर्त्यांपुढे दोन मार्ग उरले : वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत विनामूल्य असलेली 'उबुंटू प्रो' ही वाढीव मुदतीची सोय घेणे किंवा पुढच्या आवृत्तीवर जाणे. पुढे जातानाही एकदम उडी मारता येत नाही. २०.०४ वरून आधी २२.०४ आणि मगच २४.०४, अशी पायरीपायरीने वाट चालावी लागते.

आत नेमके काय घडते?

लिनक्समधील प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज' या गठ्ठ्याच्या रूपात येते. कोणते पॅकेज कोणावर अवलंबून आहे, याचे गणित 'एपीटी' मांडते आणि गठ्ठे प्रत्यक्ष उघडून बसवण्याचे काम 'डीपीकेजी' करते. हे बसवणे दोन टप्प्यांत होते. आधी गठ्ठा 'उघडला' जातो, म्हणजे त्यातील फाइल्स डिस्कवर आपापल्या जागी ठेवल्या जातात. त्यानंतर तो 'कॉन्फिगर' होतो, म्हणजे त्याची मांडणी पूर्ण करून तो कामाला लावला जातो. ज्याच्यावर तो अवलंबून आहे, ते पॅकेज आधी मांडून झालेले असावे लागते.

दीड-दोन हजार पॅकेजेस बदलत असताना वीज गेली, तर काही पॅकेजेस पूर्ण झालेली, काही नुसती उघडलेली आणि काही जुनीच, असा सगळा पसारा होतो. पण डीपीकेजी आपल्या दप्तरात प्रत्येक पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे, याची नोंद ठेवत असते. ही नोंद शाबूत असेल, तर खंडित काम जिथे थांबले तिथून पुढे नेता येते. म्हणूनच दुरुस्तीची पहिली आज्ञा असते ती 'डीपीकेजी'ला 'कॉन्फिगर' या पर्यायासह 'ए', अर्थात 'सर्व', असे सांगणारी. उघडून पडलेली सर्व पॅकेजेस ती मांडून घेते. त्यानंतर 'एपीटी'ला 'फिक्स ब्रोकन' या पर्यायासह 'इन्स्टॉल'ची आज्ञा दिली, की तुटलेली अवलंबित्वे जोडली जातात. पहिली आज्ञा एखाद्या पॅकेजवर अडली, तर दुसरी द्यावी आणि पुन्हा पहिलीकडे यावे. दोन-तीन फेऱ्यांत गाडी रुळावर येण्याची शक्यता बरीच असते.

मात्र काळ्या पडद्यावर आज्ञा द्यायची कुठे? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्यास अनेकदा चित्राविना, केवळ अक्षरांचा पडदा उघडतो आणि तिथे नेहमीचे नाव व पासवर्ड चालतो. तेही न जमल्यास संगणक सुरू होताना एस्केप कळ (जुन्या बायॉसच्या संगणकांवर शिफ्ट) दाबून 'ग्रब'ची यादी आणावी. तिच्यातील प्रगत पर्यायांमध्ये 'रिकव्हरी मोड' असतो. त्यात मोडकी पॅकेजेस दुरुस्त करण्याची आयती सोयही दिलेली असते.

याच यादीत जुने 'कर्नल', म्हणजे प्रणालीचा गाभा, निवडता येतो. 'मूळ फाइल-प्रणाली जोडता येत नाही' अशा आशयाची इंग्रजी ओळ दाखवून संगणक थिजला असेल, तर या जुन्या कर्नलचा उपयोग होतो. संपूर्ण डिस्क सांकेतिक कुलपात ठेवणाऱ्या संगणकांवर 'बूट' हा स्वतंत्र आणि लहानसा विभाग असतो. तिथे जुनी कर्नले साचत जातात. नव्या कर्नलसोबत लागणारी प्रारंभिक प्रतिमा लिहिताना जागा संपते, प्रतिमा अपुरी राहते आणि नवे कर्नल उभेच राहू शकत नाही. जुन्या कर्नलवर संगणक सुरू करून, 'एपीटी'च्या 'ऑटोरिमूव्ह' आज्ञेने अनावश्यक कर्नले काढून, प्रारंभिक प्रतिमा आणि ग्रबची यादी नव्याने तयार केली की काम भागते. बूट विभागातील फाइल्स हाताने पुसण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. पुसलेल्या फाइलचे पॅकेज बसवलेलेच आहे, अशी डीपीकेजीची समजूत कायम राहते आणि गोंधळ दुप्पट होतो.

कुलूप तोडू नये

'कुलूप मिळू शकले नाही' असा संदेश अपग्रेडच्या सुरुवातीलाच अनेकांना दिसतो. त्यावर ओळखीपाळखीतून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे कुलपाची फाइल पुसून टाकणे. हा सल्ला घातक आहे. बहुतेक वेळा मागे कुठेतरी स्वयंचलित सुरक्षा-दुरुस्त्यांचे काम चालू असते आणि दोघांनी एकाच वेळी पॅकेजांच्या दप्तरात लिहू नये, म्हणून ते कुलूप असते. मुळात ते फाइलच्या असण्या-नसण्यावर अवलंबून नाही. चालू कार्यक्रमाच्या नावे कर्नलने ते धरून ठेवलेले असते. फाइल पुसल्याने पहिला कार्यक्रम थांबत नाही, उलट दुसऱ्यालाही आत शिरायला वाट मिळते. ज्या नोंदींच्या भरवशावर पुढची सगळी दुरुस्ती व्हायची, त्याच नोंदी बिघडण्याची भीती असते. दहा-पंधरा मिनिटे थांबणे हाच येथे उपाय आहे.

अपग्रेड सुरूच होत नसेल आणि 'अपग्रेडचे गणित मांडता आले नाही' असे उत्तर येत असेल, तर बाहेरच्या भांडारांकडे पाहावे. एखाद्या छायाचित्र-संपादकाची ताजी आवृत्ती हवी म्हणून कधीकाळी जोडलेले 'पीपीए' भांडार अपग्रेडच्या वेळी आपोआप बंद केले जाते. पण त्यातून आलेली पॅकेजेस संगणकातच राहतात. उबुंटूच्या पॅकेजांपेक्षा त्यांचे क्रमांक पुढचे असल्याने एपीटीचे गणित सुटत नाही. 'पीपीए-पर्ज' हे साधन अशी पॅकेजेस मागे घेऊन त्यांच्या जागी अधिकृत आवृत्त्या बसवते. नेमके कोणते पॅकेज आडवे आले, हे '/व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड' या फोल्डरमधील नोंदवह्यांत लिहिलेले असते. मदत मागताना 'चालत नाही' एवढेच सांगण्यापेक्षा या नोंदींतील शेवटच्या ओळी सोबत दिल्या, तर जाणकारालाही काही सांगता येते.

दोष दर वेळी वापरकर्त्याचाच असतो असेही नाही. २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तरी २२.०४ वरून तिच्याकडे जाण्याची वाट ऑगस्टअखेर २४.०४.१ ही सुधारित आवृत्ती आल्यावरच खुली करण्यात आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरमध्ये, अपग्रेडच्या साधनात गंभीर दोष आढळल्याने ती काही काळ पुन्हा बंद ठेवावी लागली. अपग्रेडची सूचना उशिरा येण्यामागे अशी कारणे असतात. ती येण्याआधीच सक्तीने पुढे जाण्याचा पर्याय उपलब्ध आहे, पण रोजच्या कामाच्या संगणकावर तो वापरण्यात शहाणपण नाही.

पायथनची अदलाबदल हे आणखी एक फसवे कारण. प्रणालीची पायथन आवृत्ती बदलून वेगळीच मुख्य म्हणून बसवण्याचा उद्योग संगणकाचे विद्यार्थी हौसेने करतात. उबुंटूचे अपग्रेड-साधन आणि अन्य काही साधने पायथनमध्येच लिहिलेली आहेत. ती आपल्या ओळखीच्या आवृत्तीवरच चालतात आणि अनोळखी पायथन गाठ पडला की सुरू होण्यापूर्वीच कोसळतात. अपग्रेडआधी ही जोडणी पूर्ववत करणे आवश्यक आहे.

एनव्हिडियाचे ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकात पॅकेजेस सगळी नीट बसूनही पडदा काळा राहू शकतो, कारण नव्या कर्नलसाठी चालक-सॉफ्टवेअर तयार झालेले नसते. ग्रबमध्ये 'नोमोडसेट' हा शब्द जोडून संगणक सुरू करावा आणि चालक पुन्हा बसवावा. त्यानंतर 'सिक्युअर बूट' असलेल्या संगणकावर निळा पडदा येऊन किल्लीची नोंदणी करण्याविषयी विचारणा होते. घाईत ती ओलांडून पुढे गेल्यास चालक बसूनही कर्नल त्याला आत घेत नाही. मग 'ड्रायव्हर तर घातला आहे, तरी चालत नाही' ही तक्रार सुरू होते!

राहता राहिला तो टर्मिनलमधला प्रश्न. वापरकर्त्याने पूर्वी बदललेली एखादी मांडणी-फाइल नव्या आवृत्तीतही बदललेली असेल, तर जुनी ठेवायची की नवी घ्यायची, असे विचारले जाते. नवी घेतल्यास जुनी फाइल 'डीपीकेजी-ओल्ड' असे शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. जुनी ठेवल्यास नवी 'डीपीकेजी-डिस्ट' या शेपटासह तिथेच मिळते. कोणतेही उत्तर दिले तरी दुसरी फाइल गमावली जात नाही. गमावले जाते ते उत्तरच न देता बटण दाबल्याने.

अपग्रेड पुरे झाल्यावर मागच्या आवृत्तीकडे परतण्याची अधिकृत वाट नाही. म्हणून महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर आधीच असायला हवी. 'टाइमशिफ्ट' हे साधन प्रणालीचीही प्रत घेऊन ठेवते. लिनक्स मिंटचे अपग्रेड-साधन तर अशी प्रत मागूनच घेते. टाइमशिफ्ट मूळ मांडणीत वैयक्तिक फाइल्स मात्र वगळते, त्यामुळे त्यांची सोय वेगळी करावी लागते. लॅपटॉप असेल तर तो चार्जरला जोडून ठेवावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर वीज जाण्याची ठरलेली वेळ टाळून काम हाती घ्यावे.

आणि प्रतच घेतलेली नसेल, दुरुस्तीच्या फेऱ्याही निष्फळ ठरल्या असतील, तर? दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा यूएसबी तयार करून बिघडलेला संगणक त्यावरून, काहीही न बसवता, 'वापरून पाहा' या पर्यायाने सुरू करता येतो. जुनी डिस्क तिथे फोल्डरसारखी उघडते. सांकेतिक कुलूप असेल तर ते आपला परवलीचा शब्द विचारते. 'होम' हे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे, चार-दोन छायाचित्रे आणि कागदपत्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत. नवी आवृत्ती कोऱ्या पाटीवर बसवण्याचा विचार त्यानंतर करावा.