लीळाचरित्राच्या गावात ‘सोलायची’ आईस्क्रीम : आत नेमकं काय असतं आणि रॅपरवर मराठी का नसतं?

तुमच्या फोनवर हे रील एव्हाना येऊन गेलं असेल. काडीवर पिवळाधमक आंबा. एक पोरगं त्याची साल केळासारखी ओढतं, साल जेलीसारखी लोंबते, आतून पांढरी आईस्क्रीम निघते. मग ते साल पण खाऊन टाकतं. खाली कमेंट्स : ‘कुठे मिळते?’, ‘किती रुपयांना?’

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर रिद्धपूरलाच मिळालं. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं मोठं तीर्थक्षेत्र. मे महिन्यात मावशीकडे गेल्यावर मावसभावाच्या सहा वर्षांच्या पोराने दुकानातल्या डीप फ्रीजरवर नाक टेकवलं आणि बोट दाखवलं. वीस रुपये. आम्ही दोन घेतल्या, एक त्याला आणि एक मला.

चव? साल गोड, लवचिक, दाताखाली रबरासारखी. आतला भाग मऊ आणि खूप गोड. आंब्याचा वास जोरदार. पोराचं समाधान शंभर टक्के, कारण त्याला खाण्यापेक्षा सोलण्यात जास्त मजा होती.

मावशीने रॅपर हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे दिलं. “तू शिकेल हायस न, वाच बरं. दुधाची हाय न थे?”

या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला मला मोबाईलचा कॅमेरा झूम करावा लागला. ते उत्तर काय होतं आणि ते इतकं लपलेलं का असतं, हे समजून घेऊया.

साल कशी तयार होते?

ही कल्पना नवी नाही. सोलून खायची केळ्याच्या आकाराची आईस्क्रीम नेस्लेने साधारण दीड दशकापूर्वी थायलंडच्या बाजारात आणली होती. आता तशाच प्रकारचा माल आपल्याकडेही वेगवेगळ्या नावांनी विकला जातो.

साल म्हणजे गोठवलेली जेली. साखरेच्या पाण्यात घट्टपणा आणणारे पदार्थ मिसळतात. त्यात बहुतेक वेळा समुद्री शेवाळापासून मिळणारं कॅराजीनन (आयएनएस ४०७) आणि एका झाडाच्या बियांपासून मिळणारा लोकस्ट बीन गम (आयएनएस ४१०) असतो. हे मिश्रण थंडगार साच्यात ओतलं की साच्याला लागून असलेला थर आधी गोठतो. मधलं पातळ मिश्रण ओढून घेतात, त्या पोकळीत आईस्क्रीमचं मिश्रण भरतात, काडी खोचतात. नुसतं पाणी गोठवलं तर बर्फ होतो आणि तुटतो. जेली मात्र गोठल्यावरही वाकते, म्हणून ती सोलता येते.

हे दोन्ही पदार्थ परवानगी असलेले आहेत आणि कित्येक दुग्धपदार्थांत वापरले जातात. सालीला घाबरायचं कारण नाही. फक्त अगदी लहान मुलांना ही साल पळता पळता खाऊ देऊ नका, बसवून, छोटे तुकडे करून द्या.

मग आईस्क्रीम दुधाची होती का?

माझ्या हातातल्या रॅपरवर पुढे आंब्याचं मोठं चित्र होतं. मागे बारीक इंग्रजीत लिहिलं होतं : ‘मीडियम फॅट फ्रोझन डेझर्ट’. आईस्क्रीम हा शब्द कुठेच नव्हता.

भारतात हे दोन वेगळे पदार्थ आहेत. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, याच्या नियमांनुसार ‘आईस्क्रीम’ म्हणवून घ्यायचं असेल तर त्यातली स्निग्धता दुधाची हवी आणि ती किमान १० टक्के हवी. ‘मीडियम फॅट’ आणि ‘लो फॅट’ आईस्क्रीममध्ये ती कमी चालते, पण असते दुधाचीच. ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये मात्र दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल वापरता येतं. तिसरा प्रकार ‘आईस लॉली’ किंवा ‘आईस कँडी’ : पाणी, साखर, रंग, स्वाद. म्हणजे आपलं गारेगार.

फ्रोझन डेझर्ट बेकायदेशीर नाही आणि ते विषही नाही. दुधाची भुकटी त्यातही असू शकते. यावरून मोठ्या कंपन्यांमध्ये कोर्टकचेरीही झाली आहे. अमूलच्या एका जाहिरातीत फ्रोझन डेझर्टचा संबंध वनस्पती तुपाशी जोडला होता. त्याविरुद्ध हिंदुस्थान युनिलिव्हर कोर्टात गेली आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जाहिरात थांबवली.

त्यामुळे प्रश्न चांगलं की वाईट हा नाही. प्रश्न हा आहे की पोराला ‘दुधाचं काहीतरी पोटात गेलं’ या समजुतीने वीस रुपये देणाऱ्या आजीला आपण काय विकत घेतोय हे कळतं का?

घटकांची यादी कशी वाचायची?

नियम सोपा आहे. जो पदार्थ वजनाने सर्वात जास्त, त्याचं नाव सर्वात आधी. माझ्या रॅपरवरचा क्रम असा होता : पाणी, साखर, खाद्य वनस्पती तेल, दुधाची भुकटी, लिक्विड ग्लुकोज, त्यानंतर घट्टपणा आणणारे पदार्थ, रंग आणि स्वाद. आंबा यादीत नव्हताच. होता तो ‘अ‍ॅडेड फ्लेवर’. कृत्रिम रंग किंवा वरून घातलेला स्वाद असेल तर तसं लिहिणं बंधनकारक आहे, म्हणून ती ओळ असते. फक्त ती चित्रातल्या आंब्यापेक्षा कित्येक पटीने लहान असते.

रंगांचे क्रमांकही ओळखून ठेवा. १०२ म्हणजे टार्ट्राझीन, पिवळा. ११० म्हणजे सनसेट यलो, केशरी. १२२ आणि १२४ हे लाल. भारतात आईस्क्रीमसारख्या पदार्थांत हे रंग चालतात, पण एकूण प्रमाण १० लाख भागांत १०० भाग यापेक्षा जास्त नको.

२००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या एका अभ्यासात असे काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांची मिश्रणं मुलांना दिली गेली. काही मुलांमध्ये चंचलपणा वाढल्याचं दिसलं. हा परिणाम सगळ्या मुलांत सारखा नव्हता आणि नेमका कोणत्या रंगामुळे झाला हे त्यातून ठरलं नाही. तरीही युरोपीय संघाने जुलै २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या एकाग्रतेबद्दलचा इशारा छापणं बंधनकारक केलं. वर दिलेले चारही रंग त्या सहांत आहेत. आपल्याकडे असा इशारा छापावा लागत नाही.

साखर किती?

रॅपरवर १०० ग्रॅममागे २२ ग्रॅम वरून घातलेली साखर लिहिली होती आणि एका नगाचं वजन ६० ग्रॅम. म्हणजे एका आंब्यात साधारण १३ ग्रॅम, तीन चमच्यांहून थोडी जास्त.

आता तुलना करू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मिळावी, शक्यतो ५ टक्क्यांपेक्षा कमी. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,३०० ते १,४०० किलोकॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे जवळपास १७ ग्रॅम साखर. एक आंबा सोलला की उरले चार ग्रॅम, म्हणजे एक चमचा. सकाळचा चहा आणि बिस्किटं अजून मोजलेलीच नाहीत.

शाळांमध्ये याची दखल घेतली जातेय. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर आहे हे त्यावर मुलांना दिसावं, ही त्यामागची कल्पना. त्याआधी २०२० च्या एफएसएसएआय नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ किंवा स्निग्धता असलेले पदार्थ मुलांना विकायला मनाई केली आहे. तुमच्या गावातली शाळा आणि सर्वात जवळचा फ्रीजर यांच्यातलं अंतर एकदा पावलांनी मोजून बघा.

दुसरीकडे माल स्वस्त होण्याची वाटही मोकळी झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आईस्क्रीम आणि इतर गोठवलेल्या खाद्यबर्फावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

रॅपरवर मराठी का नाही?

कारण कायदा ते मागत नाही. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असणं पुरेसं आहे. त्यासोबत दुसरी भाषा छापायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. सक्ती नसेल तर जागा आंब्याच्या चित्रालाच मिळते.

ही गोष्ट कुठेही खटकली असती, रिद्धपूरला जरा जास्तच खटकते. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलं, ते याच गावाशी जोडलेलं आहे. इथेच आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला.

महानुभाव परंपरेत एक प्रसंग सांगतात. पंथातले विद्वान संस्कृतात लिहू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण साधं होतं : संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही. ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवं, म्हणून मराठी.

सातशे वर्षांनंतर त्याच गावातली एक म्हातारी बाई वीस रुपयांच्या आईस्क्रीमचं रॅपर नातेवाईकाकडे वाचायला देते.

घेताना काय बघायचं?

– प्रकाराचं नाव शोधा. आईस्क्रीम, फ्रोझन डेझर्ट की आईस लॉली? ते ब्रँडच्या नावाजवळ किंवा मागे बारीक अक्षरात असतं.
– यादीतली पहिली तीन नावं वाचा. निम्म्याहून जास्त माल तिथेच कळतो.
– साखर १०० ग्रॅममागे दिलेली असते. नगाच्या वजनाने हिशेब करा.
– आईस्क्रीम मिलिलिटरमध्ये विकली जाते आणि तिच्यात हवा फेटलेली असते. नियमानुसार एक लिटर साध्या आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं. म्हणजे ६० मिलीचा कप ३२ ग्रॅमचाही असू शकतो.
– उन्हाळ्यात लाईट जाते, फ्रीजर बंद पडतो, माल वितळून पुन्हा गोठतो. आकार बिघडलेला, काडी तिरपी, रॅपरच्या आत बर्फाचे खडे दिसले तर घेऊ नका.
– परवाना क्रमांक १४ आकडी असतो. तो नसेल तर नगच परत ठेवा.

मावशीला मी सगळं वाचून दाखवलं. पाणी, साखर, तेल. तिने एकदा रॅपरकडे आणि एकदा चाटून साफ केलेल्या काडीकडे पाहिलं. “म्हंजे आंबा नाईच का त्याच्यात?”

दुसऱ्या दिवशी तिने आमरस स्टीलच्या छोट्या पेल्यांत ओतला, त्यात ती धुतलेली काडी आणि आणखी दोन काड्या खोचल्या आणि पेले फ्रीजमध्ये ठेवले. संध्याकाळी पोराने चाखून बघितलं. चांगलं आहे म्हणाला, पण साल कुठे आहे?

त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. महिन्यातून एखादी सालवाली आणायची, असं ठरलं. बाकी दिवस आमरस. एवढं ठरवायला एक रॅपर नीट वाचता आलं, इतकंच पुरलं. ते मराठीत असतं तर मावशीनेच ठरवलं असतं, माझी वाट न बघता.