उवांसाठी कंडिशनर आणि फणी

शाळा सुरू झाल्या की डोकी खाजायला लागतात! उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की पसरतात. स्वच्छ केसांतही होतात, तेव्हा पोरांना रागावू नका. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडा. ऊ सुस्तावते, फणीही ओढत नाही. आधी साध्या कंगव्याने गुंता काढा. मग बारीक दातांची फणी टाळूपासून टोकापर्यंत फिरवा, बट-बट करून. दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसा (मोजायला पोरांना भारी मजा येते). लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून हे दर ३-४ दिवसांनी करा, निदान २ आठवडे. रॉकेल मात्र चुकूनही नको. त्वचा भाजते, पेट घेण्याचा धोका वेगळाच.