वीजबिल आधी की घरपट्टी? कोणतं बिल कधी भरलं तर पैसे वाचतात, समजून घ्या

पगारदार माणसाचं एक बरं असतं. महिन्याला पैसे येतात आणि महिन्याला बिलं येतात. पण पालमसारख्या तालुक्यात अनेक घरांचा हिशोब सोयाबीन-कापसावर चालतो. माल आडतीवर गेला, पट्टी झाली की हातात पैसा. तो वर्षातून एक-दोनदा. बिल मात्र दर महिन्याला दारात. मग हात आखडता असताना आधी काय भरायचं आणि काय थांबवलं तर चालेल?

बहुतेक घरांत ज्याचा मेसेज जास्त वेळा येतो ते बिल आधी भरलं जातं. इथेच गणित चुकतं. वीजबिलाचा तगादा मोठा असतो, पण उशिरासाठी सर्वात जास्त पैसे घेणारं बिल वेगळंच असू शकतं. एकेक बिल पाहूया.

वीजबिलावरच्या तीन तारखा

महावितरणचं बिल हातात घ्या. त्यावर एका रकमेऐवजी वेगवेगळ्या तारखांच्या रकमा दिसतील: लवकर भरल्यास, देय तारखेपर्यंत भरल्यास आणि त्यानंतर भरल्यास.

बिल निघाल्यापासून ७ दिवसांत पैसे भरले तर १ टक्का सूट मिळते. ऑनलाइन भरल्यास आणखी ०.२५ टक्के. या दोन्ही सवलती कर आणि वीज शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर असतात. कागदी बिल बंद करून ‘गो ग्रीन’ घेतलं तर बिलामागे १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये कमी होतात.

घरगुती ग्राहकाला बिलाच्या तारखेपासून किमान २१ दिवसांची मुदत असते. ती चुकली की एकूण बिलावर १.२५ टक्के विलंब आकार लागतो.

प्रत्यक्षात किती वाचतात?

समजा, बिल १,००० रुपये आहे. घरगुती विजेवर १६ टक्के वीज शुल्क असतं. ते वगळलं तर साधारण ८६० रुपये उरतात. त्यावर लवकर भरण्याची सूट ८ रुपये ६० पैसे, ऑनलाइनची २ रुपये १५ पैसे. उशीर केला तर मात्र १२ रुपये ५० पैसे जास्त.

म्हणजे आठवड्यात भरणारा आणि मुदत चुकवणारा यांच्यात एका बिलामागे साधारण २३ रुपयांचा फरक पडतो. वर्षाला सुमारे २८०. ‘गो ग्रीन’ धरलं तर ४००. रक्कम फार मोठी नाही, पण काहीही न करता जाणारी आहे.

अडचण अशी की कागदी बिल घरी पोहोचेपर्यंत त्या ७ दिवसांतले काही दिवस गेलेले असतात. म्हणून ग्राहक क्रमांकाला घरातल्या चालू मोबाइलची नोंद हवी. पुष्कळ घरांत जुना, बंद पडलेला नंबर तसाच राहिलेला असतो. १९१२ वर फोन करून किंवा महावितरणच्या ॲपवरून तो बदलता येतो.

उसने काढून वीजबिल भरावं का?

हा खरा अडचणीचा प्रश्न. शेकडा तीनने १,००० रुपये दोन महिन्यांसाठी काढले तर ६० रुपये व्याज जातं. एका बिलाचा विलंब आकार आहे साडेबारा रुपये. त्यामुळे फक्त तारीख पाळायची म्हणून व्याजाने पैसे काढण्यात नुकसानच आहे.

पण याचा अर्थ बिल विसरा असा नाही. बिलाच्या तारखेपासून ६० दिवस उलटले की थकबाकीवर वर्षाला १२ टक्के व्याज सुरू होतं आणि पुढे ते वाढतं. शिवाय वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. एकदा तोडली की थकबाकी, वर पुनर्जोडणीचे पैसे आणि तोवर अंधार. म्हणून एखादं बिल पुढे गेलं तर चालेल, पण नोटिशीची मुदत संपू देऊ नका.

आणखी एक गोंधळ. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांना एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू आहे. ती फक्त शेतपंपाला. घरच्या मीटरचं बिल वेगळं असतं आणि ते भरावंच लागतं.

घरपट्टी: आवाज न करता वाढणारं बिल

नगरपंचायतीच्या मालमत्ता कराचा रोज मेसेज येत नाही. वर्षातून एकदा मागणी येते आणि ती कपाटात जाते. पण मुदतीनंतर थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वर्षाचा हिशोब केला तर २४ टक्के. २,००० रुपये थकले तर महिन्याला ४० आणि वर्षाला ४८० रुपये नुसते दंडाचे.

वीजबिलाचा १.२५ टक्के विलंब आकार आणि नंतरचं १२ टक्के व्याज याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. पट्टीचे पैसे हातात आले आणि सगळी देणी एकदम फिटत नसतील, तर वीज तुटण्याची नोटीस नाही ना हे पाहून घरपट्टीची जुनी थकबाकी आधी मिटवणं फायद्याचं.

तालुक्यातली बाकी गावं ग्रामपंचायतीत येतात. तिथे ३० सप्टेंबरपर्यंत कर भरला तर ५ टक्के सूट मिळते. सोयाबीनचे पैसे साधारण त्यानंतर येतात, त्यामुळे ही सूट हातची जाते. उन्हाळ्यातच थोडी रक्कम बाजूला ठेवली तर ती मिळू शकते.

रिचार्ज: वर्षात १२ नव्हे, १३ वेळा

२८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून १३ वेळा करावा लागतो. ३०० रुपयांचा असेल तर वर्षाला ३,६०० नाही, ३,९०० रुपये जातात. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानंतर प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवावा लागतो. घेताना दिवसाचा खर्च काढून पाहा.

भरायचं कसं?

यूपीआयवरून भरताना शेवटच्या तारखेची रात्र गाठू नका. रेंज गेली, व्यवहार अडकला तर तारीख जाते. दोन दिवस आधी भरलेलं बरं. खात्यातून पैसे गेले आणि बिल भरल्याचं दिसत नसेल तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे अडकलेले पैसे ५ दिवसांत परत यायला हवेत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देय असते.

ऑटो-पे पगारदारांना सोयीचं आहे. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. पण खात्यात कधी पैसे असतात, कधी नसतात, अशांनी ते जपूनच लावावं.

रोखीने भरणार असाल तर घरगुती वीजबिलाला महिन्याला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. पावती मात्र हातात घेतल्याशिवाय हलू नका. हंगामात पैसे आल्यावर वीजबिलापोटी जास्तीची रक्कम भरली तर ती पुढच्या बिलांतून वजा होते. पैसे घरात टिकत नसतील तर हा सोपा मार्ग आहे.

‘आज रात्री वीज तोडणार’ असा मेसेज आला तर?

तो खोटा समजा. कायद्याने १५ दिवसांची नोटीस लागते, एका रात्रीत थकबाकीसाठी वीज तुटत नाही. अनोळखी नंबरवर फोन करू नका, पाठवलेलं ॲप घेऊ नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

आणि बिलच चुकीचं, अवाच्या सवा आलं असेल तर? तक्रार करून गप्प बसू नका. कलम ५६ मध्येच सोय आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

लक्षात ठेवायचा क्रम

आधी नोटीस आलेलं वीजबिल. मग घरपट्टीची थकबाकी. मग चालू वीजबिल, जमलं तर पहिल्या ७ दिवसांत. रिचार्ज गरजेपुरता. घरातल्या कॅलेंडरवर या तारखा आज लिहून ठेवा. मेसेज पुसला गेला तरी भिंतीवरची तारीख राहते.