लॅपटॉप घेण्याआधी कामांची यादी करा

बारावीचा निकाल लागला की पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, “मुलीसाठी लॅपटॉप कोणता घ्यावा?” पैसे घरखर्चातून वाचवलेले असतात, म्हणून निवड चुकून चालत नाही. दुकानदार कंपनीचे नाव सांगतो, मुलगा चकचकीत मॉडेल दाखवतो. आम्ही सांगतो, आधी घरात कोण कोणते काम करणार याची यादी करा.

बहुतेक घरांत ही यादी छोटी असते. ऑनलाइन वर्ग, प्रोजेक्टचे टायपिंग, शिष्यवृत्तीचे अर्ज, अब्बूंच्या दुकानाचा हिशेब. एवढ्यासाठी गेमिंगचा महागडा लॅपटॉप लागत नाही. पण अगदी स्वस्तातलाही नको. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज असलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि त्याचे अपडेटच बरीच जागा खातात. चार टॅब उघडले की काम रेंगाळते.

रोजच्या कामाला ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि आय३ किंवा रायझन ३ प्रोसेसर पुरतो. रॅम पुढे वाढवता येईल का, हे विचारून घ्या. काही मॉडेलमध्ये ती वाढवता येत नाही. स्क्रीन फुल एचडी असावी. लॅपटॉपवर ‘डॉस’ लिहिले असेल तर त्यात विंडोज नसते, त्याचा खर्च वेगळा धरावा. लेखनासाठी आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस मोफत मिळते.

आपल्या घरांत मराठी आणि उर्दू दोन्ही लिहावे लागते. विंडोजमध्ये दोन्ही कीबोर्ड असतात, सेटिंगमधून सुरू करायचे. उर्दू नस्तालीकमध्ये हवी असेल तर ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा फॉन्ट मोफत उतरवता येतो.

जुना लॅपटॉप घेत असाल तर जास्त सावध राहा. विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आय५-८२५० यातला ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७२०० चालत नाही. चार्जर काढून अर्धा तास वापरून पाहा, प्रत्येक बटण दाबून पाहा, बिजागरी सैल नाही ना ते बघा आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

हप्त्यांच्या बाबतीत ‘नो कॉस्ट’ या शब्दांवर जाऊ नका. क्रेडिट कार्डाच्या अशा योजनेत बँक सहसा व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत दिलेली असते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र बहुधा आपल्या माथी येते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या कुटुंबांनी अटी वाचूनच सही करावी. शक्य असेल तर दोन-तीन महिने थांबून रोखीने घेतलेले बरे.

एक गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही, ती घरीच ठरवावी लागते. लॅपटॉप एकच असेल तर प्रत्येकाचे खाते आणि पासवर्ड वेगळा ठेवा, वेळापत्रक भिंतीवर लावा. ज्याची परीक्षा, त्याची पहिली पाळी. मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप संध्याकाळभर भावाच्या खेळात अडकून राहिला, तर तो कितीही स्वस्तात मिळालेला असो, महागच पडला म्हणायचा.