घडीत दडलेलं झाड

नाताळचं कार्ड उघडलं आणि आतून कागदाचं झाड उभं राहिलं, की मी आजही ते मिटून पुन्हा उघडते. मिटलं की झाड गायब, उघडलं की हजर! ना स्प्रिंग, ना दोरा. मग ते उभं करतं कोण?

सुरुवात कागदापासूनच करायला हवी, कारण कागदाला दिशा असते. कारखान्यात पातळ लगदा धावत्या जाळीवर पडतो, तेव्हा बरेचसे तंतू धावेच्या दिशेनं रांगेत बसतात. डोळ्यांना हे दिसत नाही. पण कागदाचा छोटा चौकोन एकाच बाजूनं ओला करून बघा, तो आपोआप वळायला लागतो. पाणी प्यायलेला तंतू जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून सुरळी तंतूंना समांतर होते. कार्डशीटची घडी याच दिशेनं सुबक बसते, आडवी घातली तर तिच्यावर तडे जातात. घडीच्या जागी आधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलनं रेघ दाबून घ्यावी, म्हणजे तंतू तिथे नमून तयार राहतात.

आता झाड. ए-4 आकाराचा जाडसर हिरवा कागद निम्मा कापून दुमडायचा, पान 10.5 सेंमी रुंद होतं. घडीच्या कडेकडून आत, खालून वर, 4, 3, 2 आणि 1 सेंमी लांबीच्या चार पट्ट्या कापायच्या. प्रत्येक दीड सेंमी रुंद, मध्ये तेवढीच मोकळी जागा. काप जिथे संपतात तिथे पट्टी पुढे-मागे दुमडायची, मग कागद उघडून बोटानं ती आतल्या बाजूला ढकलायची. तिची घडी उलटी होते.

सगळी जादू इथे आहे. मागच्या दोन भिंती आणि पट्टीचे दोन भाग मिळून चार बाजू होतात, चारही सारख्या लांबीच्या. कार्ड उघडताना फक्त कोन बदलतात, लांबी कधीच नाही. म्हणून सगळं मुकाट सपाट होतं आणि तितक्याच सहज उभं राहतं. एक पथ्य मात्र आहे: मिटलेल्या कार्डात पट्टीचं टोक घडीपासून दुप्पट अंतरावर जातं. 4 सेंमीची पट्टी 8 सेंमीपर्यंत पोचते. 6 सेंमीची कापली तर कार्डाबाहेर डोकावेल.

छापून विकलेलं पहिलं नाताळ-कार्ड सपाटच होतं. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांना सगळ्यांना वेगवेगळी पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून ते काढून घेतलं. किंमत एक शिलिंग, म्हणजे 12 पेन्स, आणि साधं पत्र तेव्हा एका पेनीत जायचं! वेळ वाचवायला जन्मलेल्या वस्तूसाठी आपण हौसेनं अख्खी दुपार देतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाहेरून लाल कार्डशीट चिकटवायचं, पण गोंद पट्ट्यांना लागू द्यायचा नाही. पाकिटात उरलेल्या लाल टिकल्या झाडावर छान शोभतात. मग कार्ड काटकोनात उघडून टेबलावर उभं करा आणि वरून एक डोळा मिटून आत बघा: एकाच कोपऱ्यातून निघालेले, एकात एक बसलेले चार चौकोन दिसतात.